आधी सोडवा, मग जोडा

पावसाळा लागला की रविवारी सकाळी ताम्हिणीच्या वाटेला एक वेगळीच वरात दिसते. उंच केलेल्या जीपगाड्या, जाड दातांचे टायर, टपावर दिव्यांची रांग, पुढं लोखंडी बंपर आणि त्यावर दोर गुंडाळलेली विंच. चांगला रस्ता सोडून ही मंडळी मुद्दाम चिखलात शिरतात, ओढ्यात उतरतात, अडकतात आणि एकमेकांना ओढून काढतात. हौसेला मोल नसतं, तेव्हा त्याबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते या गाड्यांवर कारखान्याबाहेर जे सामान चढवलं जातं, त्याच्या बसवणुकीबद्दल. बाजारात चांगलं सामान मिळतं. पण ते वाईट रीतीनं बसवलं तर तेच घात करतं. आणि तो घात वरून दिसत नाही. तो टेपखाली, डॅशबोर्डच्या मागं, चासीच्या आतल्या अंगाला लपून बसलेला असतो.

मी ओळी जुळवणारा माणूस. यंत्रशास्त्राची पदवी माझ्याकडं नाही. पण आमच्या मोहल्ल्याच्या तोंडाशीच गॅरेजांची रांग आहे. तिथं एक जुने वायरमन आहेत, सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्या बाकड्यावर चहा पीत मी बरीच वर्षं बसत आलो आहे. आज जे सांगणार आहे, त्यातलं पुष्कळसं त्या बाकड्यावरून पाहिलेलं आहे.

आधी हे पाहू, की काम बिघडतं का? सामान लावणारा दर वेळी लबाड असतो असं नाही. आपल्याकडच्या मिस्त्रींचे हात ज्या गाड्यांवर बसले, त्या जुन्या जीपमध्ये वायरी मोजक्याच होत्या. दिवे, हॉर्न, वायपर, सेल्फ, डायनॅमो आणि दोन-तीन काटे, संपलं. कुठलीही वायर सोलून तिला दुसरी पिळली तरी गाडी चालायची. २०२० साली आलेली नवी थार घ्या. तिच्यात एअरबॅग आहे, चाकं घसरू न देणारा एबीएस ब्रेक आहे, इंजिनाचा संगणक आहे. तिथं बारीक दिसणारी वायर कदाचित वीज वाहून नेत नसते, निरोप वाहून नेत असते. ती सोलली की डॅशबोर्डवर भलताच दिवा लागतो आणि कारण सापडत नाही. हात जुने, गाडी नवी, ही एक अडचण.

दुसरी अडचण गिऱ्हाइकाची. आपण घासाघीस करतो ती दिव्यावर करत नाही. दिवा डोळ्यांना दिसतो, त्याची कंपनी ठरलेली असते. घासाघीस होते ती मजुरीवर. मग दुकानदार दोन दिवसांचं काम दोन तासांत उरकतो. जिथं पैसे वाचतात, ते सगळं आत असतं: वायरची जाडी, फ्यूज, रिले, रबरी बूच, क्लिपा. गाडी बाहेर येते तेव्हा झगझगीत दिसते, मालक खूष होतो आणि पहिल्या पावसापर्यंत सगळं ठीक चालतं.

आता थोडं गणित, पण सोपं. घरातली वीज २३० व्होल्टची, गाडीतली १२ व्होल्टची. घरात १०० वॉटचा जुना बल्ब अर्ध्या अँपिअरपेक्षाही कमी प्रवाह घेतो. तोच १०० वॉटचा दिवा गाडीत लावला तर ८ अँपिअरहून जास्त प्रवाह घेतो. वॉट तेवढेच, पण व्होल्ट कमी म्हणून प्रवाह जवळजवळ एकोणीस पट. पुष्कळांची समजूत अशी असते की गाडीची वीज म्हणजे बारा व्होल्ट, तिचा काय धाक? धक्का बसत नाही हे खरं. पण वायर तापते ती प्रवाहानं, आणि प्रवाह दुप्पट झाला तर तीच वायर चौपट तापते.

हे सांगायचं कारण, मागं एकदा एका तरुणाची जीप चाचांकडं आली, ती या गणिताचा धडाच होती. त्यानं ती वापरलेली विकत घेतली होती, सगळ्या सामानासकट. टपावर ५५ वॉटचे चार दिवे, पुढं विंच, मागं ओढायचा हूक, गाडी उंच केलेली, टायर मोठे. तक्रार एवढीच, की टपावरचे दिवे मिणमिणतात आणि डॅशबोर्डजवळ काहीतरी जळकट वास येतो. तो म्हणाला, “चाचा, दिवे बदलून टाका. हवं तर जास्त वॉटचे लावा.”

चाचांनी दिव्यांकडं पाहिलंही नाही. त्यांनी पहिल्यांदा बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. दुसरं काम, त्या पोराला मोबाइलवर फोटो काढायला लावले: प्रत्येक जोड जसा आहे तसा. तिसरं, प्रत्येक वायरला कागदी पट्टी लावून तिच्यावर नाव लिहिलं. आणि मग टेप सोडवायला सुरुवात केली. ते म्हणाले, “बेटा, आधी सोडवायचं, मग जोडायचं. वाईट कामावर चांगलं काम चढवलं, तर तेही वाईटच होतं.” दुरुस्तीचं सगळं शास्त्र मला या दोन वाक्यांत आलेलं दिसतं.

टेपखाली जे निघालं ते असं. चार दिव्यांचे मिळून २२० वॉट, म्हणजे साधारण १८ अँपिअर. हा सगळा प्रवाह पार्किंग दिव्याच्या बारीक वायरीतून ओढलेला होता. ती वायर काही वॉटच्या छोट्या बल्बसाठी कंपनीनं घातलेली. त्या वाटेवरचा १५ अँपिअरचा निळा फ्यूज साहजिकच उडत असणार. म्हणून कुणीतरी तिथं ३० अँपिअरचा हिरवा फ्यूज खोचला होता. फ्यूज दिव्याला वाचवण्यासाठी असतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. फ्यूज वायरीला वाचवण्यासाठी असतो. वायरीला जेवढा प्रवाह सोसतो, त्याच्या आत फ्यूज उडायला हवा. वायर बारीक आणि फ्यूज मोठा म्हणजे पहारेकरी झोपलेला. अशा वेळी वायर स्वतःच फ्यूज होते, आणि ती जळते तेव्हा भोवती प्लास्टिक, गालिचा आणि फोम असतो.

दुसरं दुखणं अर्थिंगचं. गाडीत बॅटरीचं निगेटिव्ह टोक लोखंडी सांगाड्याला जोडलेलं असतं. म्हणून दिव्यापासून एकच वायर बॅटरीकडं येते आणि परतीची वाट लोखंडातून असते. इथं ती परतीची वायर टपाच्या पत्र्याला साध्या स्क्रूनं टोचलेली होती, आणि तीही रंगावर. रंगातून वीज जात नाही. जो काही संबंध होता तो स्क्रूच्या आट्यांपुरता. पावसाचं पाणी शिरून तिथं गंज धरलेला. शिवाय जीपची बॉडी रबरी बुशांवर बसलेली असते, म्हणून बॉडीपासून चासीपर्यंत वेगळी पट्टी लागते. ती पट्टीही तुटून लोंबत होती.

अशा गंजक्या जोडाचा विरोध फक्त ०.१ ओहम धरा. १८ अँपिअर प्रवाह त्यातून जाताना १.८ व्होल्ट तिथंच खर्ची पडतात. बारातले जवळजवळ दोन वाटेतच गेले, म्हणून दिवे मिणमिणत होते. आणि त्या एका जोडात तीस वॉटच्या वर उष्णता तयार होते. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडची साधी सोल्डरिंग इस्त्री २५ ते ३५ वॉटची असते. म्हणजे दिवे लावले की गाडीच्या पत्र्याला एक सोल्डरिंग इस्त्री टेकवून ठेवल्यासारखंच. या दिव्यांच्या जागी जास्त वॉटचे दिवे लावले असते तर उजेड फारसा वाढला नसता, जाळ मात्र वाढला असता. मालकाला जे औषध वाटत होतं ते रोग वाढवणारं होतं.

तिसरं, बोनेटमधून डॅशबोर्डकडं येणारी वायर पत्र्याला भोक पाडून आत घेतली होती. भोकाला रबरी बूच नव्हतं. आडरानात गाडी हादरते, दर हादऱ्याला पत्र्याची धार वायरीवर करवतीसारखी फिरते. वरचं प्लास्टिक अर्धं कापलं गेलं होतं. आणखी काही महिन्यांनी तांबं उघडं पडून पत्र्याला टेकलं असतं. त्या वाटेत बॅटरीजवळ फ्यूज नव्हता, म्हणजे बॅटरीतली सगळी ताकद त्या एका ठिणगीमागं उभी राहिली असती.

दुरुस्ती काय झाली? कंपनीच्या मूळ वायरिंगला जिथं जिथं चिमटे, पीळ आणि टेप होते, ते सगळे काढून टाकले. सोललेल्या जागा नीट जोडून वर गरम करून आवळणारी, आतून चिकटणारी नळी चढवली. पार्किंग दिव्याची वायर पुन्हा फक्त पार्किंग दिव्याची झाली. मग टपावरच्या दिव्यांसाठी थेट बॅटरीपासून नवी, जाड, चार चौरस मिलिमीटरची वायर घेतली. बॅटरीपासून वीतभर अंतरावर २५ अँपिअरचा फ्यूज, म्हणजे भार १८ चा, फ्यूज त्याच्या थोडा वर आणि वायर फ्यूजच्याही वर. मध्ये रिले. रिले म्हणजे देवडीवरचा शिपाई. डॅशबोर्डवरचं बटण त्याला फक्त हुकूम देतं, त्यासाठी पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह पुरतो; मोठा दरवाजा उघडण्याचं काम शिपाई करतो. त्यामुळं मोठा प्रवाह बटणात येतच नाही, माणसाच्या बोटाजवळ काही तापत नाही.

अर्थिंगची वायर चासीवर आणली. तिथला रंग खरवडून लोखंड चकचकीत केलं, गोल टोक बोल्टनं आवळलं आणि वरून ग्रीस लावलं. वायरी कणीदार नळीत घालून दर वीतभरावर क्लिपेनं बांधल्या, सायलेन्सरपासून लांब ठेवल्या, पत्र्यातल्या भोकात रबरी बूच बसवलं. जोड सोल्डर केला नाही, पान्यानं दाबून बसवला. मी कारण विचारलं. चाचा म्हणाले, “सोल्डर केलेली वायर ताठ होते. हादऱ्यानं ती ताठ भाग संपतो तिथंच मोडते.”

आणि शेवटी तपासणी. दिवे चालू ठेवून मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरं दिव्याच्या अर्थिंगला लावलं. काटा जेमतेम हलला. परतीच्या वाटेत ०.२ व्होल्टपेक्षा जास्त गळती नको, असा चाचांचा हिशेब. दिवे तेच होते, बल्ब तेच होते, पण उजेड दुप्पट झाल्यासारखा वाटला.

विंचची गोष्ट याहून मोठी. अडकलेली गाडी ओढताना विंच पूर्ण ताणात तीनशे-चारशे अँपिअर घेऊ शकते. तिची जाड केबल बंपरच्या कडेवरून उघडी नेलेली होती. ती केबल घासून टेकली तर कापूर पेटतो तशी गाडी पेटेल. चाचांनी तिला रबरी आवरण घालून वाट बदलली आणि बॅटरीजवळ हातानं फिरवून बंद करायचा मोठा स्विच बसवला. विंच वापरायची तेव्हाच चालू, एरवी बंद.

इथपर्यंत विजेचं झालं. पण त्या जीपचं खरं जीवघेणं दुखणं चासीखाली होतं, आणि त्याची तक्रार मालकानं केलीच नव्हती. ते काम चाचांचं नव्हे. त्यांनी शेजारच्या मिस्त्रीला हाक मारली आणि गाडी घोड्यांवर चढवली. चारही चाकं मोकळी लोंबू दिली आणि स्टिअरिंग एकदा पूर्ण डावीकडं, एकदा पूर्ण उजवीकडं फिरवलं. पुढच्या चाकाची ब्रेकची रबरी नळी तंबोऱ्याच्या तारेसारखी ताणलेली दिसली. गाडी उंच केली, पाट्यांचे शॅकल लांब केले, पण ब्रेकची नळी जुन्याच मापाची राहिली. सपाट रस्त्यावर हे कधी कळत नाही. एक चाक खड्ड्यात पूर्ण लोंबतं तेव्हाच ती नळी तुटते, आणि त्याच वेळी ब्रेकची गरज सर्वांत जास्त असते. मिस्त्रीनं लांब नळ्या घातल्या, ब्रेकमधली हवा काढली आणि मगच पुढचं पाहिलं.

पुढचं म्हणजे गिअरबॉक्सकडून मागच्या हाऊसिंगकडं जाणारा शाफ्ट. त्याच्या दोन्ही टोकांना क्रॉस असतात. दोन्ही टोकांचे कोन सारखे असले की एकाचा हिसका दुसरा पोटात घेतो आणि शाफ्ट शांत फिरतो. गाडी वाटेल तशी उंच केली की कोन बिघडतात, ठराविक वेगाला धडधड येते. मालक ती टायरची धडधड समजत होता. पाट्यांखाली मापाची पाचर घालून कोन जुळवावा लागला.

मोठ्या टायरचं गणितही ऐकण्याजोगं आहे. समजा २८ इंच व्यासाच्या जागी ३१ इंचांचा टायर घातला. स्पीडोमीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी ६६ नं पळत असते. आणि ब्रेक तेच राहिले तर जमिनीशी मिळणारी त्यांची पकड सुमारे दहा टक्क्यांनी कमी होते. गाडी वाटते त्याहून जोरात आणि ब्रेक वाटतात त्याहून दुबळे. त्यात गाडी उंच म्हणून तिचा तोल वर गेलेला. घाटातलं वळण या तिन्ही गोष्टींची परीक्षा एकदम घेतं.

आता बोल्टची गोष्ट. मागचा ओढायचा हूक बंपरच्या पत्र्याला वेल्डिंगचे दोन ठिपके आणि दोन साध्या बोल्टांनी धरलेला होता. बोल्टच्या डोक्यावर आकडे कोरलेले असतात, ते आपण कधी वाचत नाही. ४.६ म्हणजे साधा बोल्ट, ८.८ म्हणजे मजबूत पोलादाचा. एकाच जाडीचे दोन घेतले तर कायमचा वाकण्यापूर्वी दुसरा पहिल्याच्या अडीच पटीहून जास्त ताण सोसतो. डोक्यावर काहीच लिहिलेलं नसेल तर भार पेलणाऱ्या जागी तो वापरूच नये. चिखलात रुतलेली गाडी नुसत्या वजनानं नव्हे, चिखलाच्या ओढीनंही धरलेली असते. तिला हिसका दिला आणि हूक निसटला, तर ते लोखंड गोफणीतल्या दगडासारखं सुटतं. ज्या गाडीला मदत करायला आपण आलो, तिच्या काचेतून ते आत शिरू शकतं. म्हणून हूक पत्र्याला नव्हे, चासीला. आरपार बोल्टनं आणि मागं जाड पट्टी देऊन. आणि दोर ताणलेला असताना त्याच्या रेषेत कुणी उभं राहायचं नाही, पोरांनी तर नाहीच.

एवढं झाल्यावर चाचांनी पुढचा लोखंडी बंपर काढून बाजूला ठेवला, आणि विंच त्याच्यावरच बसवलेली म्हणून तीही उतरवली. “हे परत बसणार नाही,” ते म्हणाले. तरुण कळवळला, “चाचा, पैसे गेले की माझे!” चाचा म्हणाले, “पैसे गेलेच बेटा. आता माणूस जायला नको.”

त्यामागं कायदाही आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, कारखान्यानं गाडीचं जे स्वरूप नोंदवलं आहे ते मालकाला मनाप्रमाणं बदलता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम १८२-ए नव्या रूपात आलं. बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागं पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. लोखंडी क्रॅश गार्डवर कारवाई करा, असं केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवलं होतं. कारण साधं आहे. गाडीचा पुढचा भाग धडक बसल्यावर चेपून जोर पोटात घेण्यासाठी बनवलेला असतो, आणि एअरबॅग कधी उघडायची हे त्या धडकेवरून ठरतं. पुढं कठीण लोखंड बांधलं की तो हिशेब चुकतो. शिवाय रस्त्यावरून पायी जाणाऱ्याला पत्रा लागणं वेगळं आणि हे लोखंड लागणं वेगळं. गाडीत न कळवता केलेले बदल दाखवून विमा कंपनी भरपाई अडवू शकते, हेही लक्षात ठेवलेलं बरं.

तेव्हा दुरुस्ती म्हणजे दर वेळी नवं बसवणं नव्हे. काही वेळा काढून टाकणं हीच दुरुस्ती. ती जीप गॅरेजमधून बाहेर पडली तेव्हा पूर्वीपेक्षा साधी दिसत होती आणि पूर्वीपेक्षा भरवशाची झाली होती.

आपल्यापैकी प्रत्येकाकडं जीप नाही, हे मला ठाऊक आहे. पण मोठ्या आवाजाचा हॉर्न, मागची सीट हादरवणारा स्पीकर, रिक्षातले रंगीत दिवे, घरोघरी गाडीला लावलेला कॅमेरा, हे सगळं त्याच वाटेनं येतं. म्हणून गाडीची किल्ली दुकानदाराच्या हातात देण्यापूर्वी चार प्रश्न विचारा. वीज कुठून घेणार? फ्यूज कुठं आणि किती अँपिअरचा? वायर पत्र्यातून जाते तिथं बूच घालणार का? आणि उद्या हे काढायचं ठरलं तर गाडी पहिल्यासारखी होईल का? चारही उत्तरं सरळ मिळाली तर मजुरीत घासाघीस करू नका. “काही होत नाही साहेब, सगळे असंच लावतात,” असं उत्तर आलं, तर किल्ली खिशात ठेवा आणि दुसरं दुकान पाहा.